गोल घर आईच्या नावे

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, पुलांची स्ट्रक्चरल इंजिनिअर, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या मेंदूजवळची गाठ काढणार आहेत. मी पूर्ण समजेनिशी लिहीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या डोक्याविषयी घरात आधीपासूनच मतभेद आहेत.

१. समुद्राकाठचे माझे घर: एकमेकांना जोडलेले काँक्रीटचे तीन घुमट, जिन्याऐवजी गोल फिरत वर जाणारा उतार, बटण दाबल्यावर जमिनीत उतरणारी बावीस फुटांची वक्र काच आणि छतातून आकाश दिसणारे न्हाणीघर. लोक याला ‘उडती तबकडी’ म्हणतात, दादा ‘अंडं’ म्हणतो. हे घर जमिनीसह मी आईला देत आहे. नुसता राहण्याचा हक्क नव्हे, संपूर्ण मालकी. ते ठेवायचे, विकायचे की पाडायचे, हे तिने एकटीने ठरवावे.

इतके स्पष्ट लिहिण्याचे कारण असे. गेल्या रविवारी दादा हे घर विकत घ्यायला तयार असलेल्या एका हॉटेलवाल्याचा करारनामा घेऊन आला. म्हणाला, “तुझं काही बरंवाईट झालं तर आई या अंड्यात एकटी काय करणार? माझ्याकडे येईल. तिची जागा आहेच तिथे.”

ती जागा मी मोजलेली आहे. सहा फूट बाय साडेतीन; हॉलचा कोपरा, फ्रिजच्या मागे, फुलाफुलांच्या पडद्याआड. बाबा गेल्यावर आई तिथे अकरा वर्षे झोपली. पाहुणे आले की पडदा ओढून घ्यायची आणि खोकला दाबायची.

घर गोल का, असे मला सगळे विचारतात. वक्र भिंतीवर वाऱ्याचा दाब कमी पडतो, असे मी सांगते. ते खरेच आहे. पण आराखडा काढताना माझी अट एकच होती: आईला सरकवून ठेवता येईल असा एकही कोपरा या घरात नको.

आईला हे मी कधी सांगितले नाही. पहिल्या दिवशी सगळीकडे फिरून ती म्हणाली, “अगं, रुसून बसायचं झालं तर मी बसू कुठे?”

“मधोमध.”

हल्ली ती तिथेच बसते. रुसलेली नसली तरी.

२. लेझर लेव्हल, सळया वाकवायचे यंत्र आणि माझी बाकीची हत्यारे या घराच्या काँक्रीटचे साचे बांधणाऱ्या सेंटरिंगवाल्या मिस्त्रींना द्यावीत. दुसऱ्या घुमटाचा साचा चार सेंटिमीटर सरकला होता. दादाने त्यावरून त्यांना चारचौघांत बोल लावला. चूक माझ्या मोजणीची होती, हे इथे लेखी देत आहे. मिस्त्रींनी साचा पुन्हा बांधला आणि एवढेच म्हणाले, “ताई, कागदाला वजन नसतं.”

३. माझी बचत आईला. त्यातून दर दोन वर्षांनी घुमटांच्या भेगा तपासून घ्याव्यात. खारी हवा सळया खाते.

४. तो फुलाफुलांचा पडदा दादाला परत द्यावा. धुऊन, इस्त्री करून ठेवला आहे. दांडीसकट.

५. दादाला आईला भेटायची मनाई नाही. त्याने यावे, बेल वाजवावी आणि आई दार उघडेपर्यंत बाहेर उभे राहावे. तिचे गुडघे दुखतात. वेळ लागेल.

सही

वरील सही आम्हा दोघींच्या समोर झाली:
१. होडीदुरुस्तीच्या दुकानाची मालकीण (सही)
२. कार्यालयातील सहकारी, नकाशे तपासणारी (सही)

स्थळ: मोठ्या घुमटाखालचे जेवणाचे टेबल
मंगळवार, ७ ऑक्टोबर