सासूजींचा मोर

बापूजी,

आत्ता तुमच्या खोलीत अडकित्ता वाजला, तेव्हा कुठं कळलं, घर किती शांत आहे. तान्हा झोपलाय, तेवढ्यात लिहिते. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं न्हाई, ही आपली रीत. लिहायचं न्हाई, असं मात्र कुणी सांगितलेलं न्हाई.

उद्या तुम्ही मंदिरातून याल तेव्हा मी घरी नसेन. मैनाच्या शाळेनं गावातल्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय मांडलंय. उद्या तिथं मुलांचा दिवस आहे. जमीन सारवून तिच्यावर गेरू आणि चुन्यानं आपल्या मांडण्यांची नक्षी काढायला मी मुलांना शिकवणार आहे. तुमचा नकार ह्यांच्याकडून कळला. तरी मी जाणार. रागावू नका. सासूजींनी माझा हात धरून शिकवलेला मोर आता दुसऱ्या कुणाला येत न्हाई, आणि घरात शहाबादी फरशी बसल्यापासून माझाही हात विसरून राह्यला.

कढी चुलीवर झाकून ठेवते, फुलके डब्यात. तान्ह्याला बरोबर नेते.

एक गोष्ट आधीच सांगते. पदर डोक्यावर असेल, तोंडावर नसेल. घुंगटातून मुलांना काय शिकवणार? जमलं तर बघायला या. सासूजींचा मोर तुम्ही बराबर ओळखाल.

मैना खांद्याशी टेकून वाचून राह्यली. विचारते, "आई, दादाजींनी तुझं तोंड कधीच पाह्यलं न्हाई ना? मंग उद्या पाह्यल्यावर ते तुझ्याशी बोलतील का?"