चौथा खांब राहिला

अहो,

श्रद्धांजली वगैरे नाही, भांडायला लिहितेय. आज जनाबाई दारात येऊन रडून गेली. करावे गावची तुमची ती लाडकी मासेवाली! तुम्ही गेल्याचं तिला कालच कळलं.

तुम्हाला पहिला झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. डॉक्टरांनी बजावलं, वजन उतरवा, मीठ कमी करा, रोज चाला. मी चिमटीनं मीठ मोजलं, तळण बंद केलं, "खाली एक फेरी मारू या" म्हणून हात जोडले. तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवायचात. आणि रस्त्यावरून "म्हावरा हाय!" ऐकू आलं की लगेच काठी आणि चपला! माझ्यासाठी पाय नव्हते का हो तुम्हाला?

नेरूळच्या या नव्या कॉलनीत तेव्हा खांब उभे होते, दिवे नव्हते. ती पाटी घेऊन पहिल्या खांबाशी बसायची. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. तुम्ही आपले तिच्या मागे! चार महिन्यांत शर्ट ढगळ झाले. सगळे कौतुक करायचे आणि मी गॅलरीत जळायचे. हो, जळायचेच. शेवटी खाली उतरून तिला सुनावलं, "आमच्या रस्त्यावर पुन्हा दिसू नकोस."

ती आली नाही. तुम्ही चालणं सोडलंत. वजन परत चढलं आणि दुसरा झटका आला.

आज ती म्हणाली, "बाय, माझ्या बापाला पन झटका आलता, तवा त्याला असाच चालवला. तुज्या मालकाला मी म्हनायची, बायकोचा नाव घ्या, तवाच पाटी उघरीन. पैल्या खांबाला 'श', दुसऱ्याला 'शकुं', तिसऱ्याला 'शकुंत'. चौथा रायला."

वीस वर्षं मला नुसतं "अगं" म्हणालात. नाव घ्यायची लाज वाटायची! आणि घेतलंत ते तिच्यासमोर? ते मोडकंतोडकं नावही तिनंच ऐकलं. तिला हाकललं याची टोचणी जन्मभर राहील, पण खरं सांगू? मला अजूनही तिचा हेवा वाटतो.

तिला परत बसायला सांगितलंय. माझंही ब्लडप्रेशर वाढलंय, तेव्हा उद्यापासून मी चालणार, चौथ्या खांबापर्यंत. तिथं तुमचं राहिलेलं 'ला' मी म्हणेन. मग आयुष्यात पहिल्यांदा तुमचं नाव घेईन. जनाबाईला ऐकू जाणार नाही, इतक्या हळू.

तुमची,
शकुंतला