चौदा मीटर

४ फेब्रुवारी, मंगळवार

चूक माझीच आहे. दुपारपासून तीनदा तपासलं. तिन्ही वेळा तेच उत्तर — चौदा मीटर.

जुना कागदी आराखडा स्कॅन करून वरून काढलेल्या फोटोवर बसवायचा, म्हणजे दोन्हीकडे दिसणाऱ्या खुणा एकमेकींवर आणायच्या. शाळेचा कोपरा, पुलाचं टोक, पाण्याची टाकी. गेल्या वर्षी दिवसाला बारा-बारा कागद उरकत होते मी. टाकी दिसली, गोल, पांढरी — केलं क्लिक, पुढचा कागद! पण कागदावरची टाकी ती नव्हेच. ती कधीच पाडली. फोटोत आहे ती नंतर बांधलेली, पूर्वेकडे सरकून. त्या टोकाला नकाशा चौदा मीटर पूर्वेकडे ओढला गेला, आणि त्याच्यासोबत त्यावर आखलेल्या नव्या रुंद रस्त्याची रेषाही.

आणि हे कुठे? ज्या गल्लीत मी लहानाची मोठी झाले तिथे! वरून पाहिलं की नुसती छपरं दिसतात. आपलं कुठलं, परक्याचं कुठलं, काही कळत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

हे काम शिकवताना पट्टीकाका म्हणायचे (आमचे जुने आरेखक, हातातली पट्टी जेवतानाही सुटायची नाही), "तीन खुणांवर नकाशा निमूट बसतो गं. चौथी घे. चौथी घेतली की चूक ओरडते." मी तीनच घेतल्या होत्या. घाई होती म्हणून. दुसरं कारण नाही.

आज रेषा जागेवर सरकवून पाहिली. फक्त माझ्या मशीनवर, सेव्ह न करता. पूर्वेच्या ओळीतली नऊ घरं मोकळी झाली. त्या नऊ जणांना नोटिसा गेल्यात, घर रस्त्यात जातंय म्हणून. आणि रेषा पश्चिमेच्या ओळीवर जाऊन बसली. सात घरं. तिसरं ताईचं.

फाइल बंद केली. डबा तसाच परत आणला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मास्तर आले होते हरकत नोंदवायला. ताईच्या समोरच राहतात. मला पाढे शिकवलेत त्यांनी. खिडकीशी उभे राहून अर्ज वाचून दाखवला, एकेक शब्द सुटा, फळ्यासमोर उभं असल्यासारखा. "नकाशातील टाकी चुकीच्या जागी धरलेली आहे."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मास्तर, ज्याचं घर जातंय तो असं म्हणणारच. जुन्या टाकीचा फोटो नाही, मोजणी नाही. या नऊ घरांबाहेरचा कोणी आणा, ज्यानं ती पाहिलीय. सुनावणी एकवीसला."

जाताना मास्तर माझ्या टेबलापाशी थांबले. "बाळ, बरी आहेस ना?"

बरी आहे म्हटलं.

साक्षीसाठी त्यांना माझी आठवणच झाली नाही. की झाली, आणि माझ्यावर पाळी यायला नको म्हणून गप्प राहिले? दुसरंच असणार. लाज वाटते.

९ फेब्रुवारी, रविवार

ताईला सांगून टाकलं. तिच्याशिवाय सांगणार कुणाला?

ती ब्लाउजला हुक लावत होती. शेवटचा हुक लावून घेतला. मग दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "आणखी कोणाला माहितीय?"

"कोणालाच नाही."

"मग राहू दे तसंच."

मी म्हटलं, नऊ घरं आहेत गं ताई. तशी उसळलीच! "आणि हे एक आहे ते? तुझे भावजी गेले, आता हे दार आणि हे मशीन, एवढंच आहे माझं. शिलाईची गिऱ्हाइकं या गल्लीतली. मशीन डोक्यावर घेऊन कुठे हिंडू? आणि तुझी नोकरी? चूक कबूल केलीस तर तुला ओवाळतील का गं ते?"

चहा टाकला तिनं. मला दिला, स्वतःला घेतला नाही. निघताना म्हणाली, "तू मला सांगायलाच नको होतंस." खरं बोलली. ओझं झेपेना म्हणून मी ते अर्धं तिच्या मांडीवर टाकून आले.

तरी बस धरली तेव्हा मोकळं वाटलं. ताईच राहू दे म्हणाली, मी कोण! इतकी मी हलकी आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ताईचा फोन नाही. मीही केला नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज ठरवूनच गेले. साहेबांच्या केबिनचं दार ढकललं. "बोला मॅडम." म्हटलं, "प्लॉटरची शाई संपत आलीय, सर."

"मग मागवा की!"

शाई मागवली. डबाभर शिल्लक असताना.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिस सुटल्यावर ताईकडे गेले. मास्तरांच्या घराकडे उघडणारी खिडकी बंद! तिची ती खिडकी कधी बंद नसते. मशीन तिथेच असतं उजेडासाठी. आता मशीन आत, दिवा लावून शिवत बसलेली.

"मास्तरीणबाई पडद्याचं कापड घेऊन आल्या होत्या," म्हणाली. "वेळ नाही म्हणून परत पाठवलं. त्या म्हणाल्या, असू दे, पडदे लावायला घर राहतंय की नाही कोण जाणे. आणि हसल्या गं! हसल्या!"

भावजी दवाखान्यात होते तेव्हा सोळा दिवस ताईचा डबा त्याच घरातून गेला. दोघींनाही ते आठवत होतं. दोघींनीही काढलं नाही.

माझा राग आला असेल तर बोल, म्हटलं. "राग येऊन काय करू? खिडकी उघडता येईना झालीय मला." मग मशीन इतकं जोरात चालवायला लागली की पुढचं बोलणंच खुंटलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उद्या सुनावणी. नकाशा भिंतीवर दाखवायला मीच बसायचं, साहेबांचा हुकूम. मास्तरांना साक्षीदार मिळालेला नाही. पश्चिमेच्या ओळीतल्या जुन्या माणसांनी सांगितलं म्हणे, आम्हाला काही आठवत नाही.

ताईचा फोन आला. "उद्या तू तोंड उघडायचं नाहीस. माझी शपथ आहे." बरं म्हटलं. शपथेची गरजच नव्हती. तोंड उघडण्यातली मी नव्हेच, हे या पंधरा दिवसांत पुरतं कळलंय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मागच्या रांगेतून ताई उठली. मला ती आल्याचंही माहीत नव्हतं. भिंतीवरच्या नकाशापाशी गेली आणि बोट ठेवलं. "जुनी टाकी इथे होती."

साहेब म्हणाले, "बाई, तुमचं घर समोरच्या ओळीत ना? टाकी तिथे धरली तर रेषा कुठे जाईल, कळतंय का?"

"कळतंय."

"तुमच्याशिवाय आणखी कोणी पाहिलीय?"

एका बादलीची कडी दोन बाजूंनी धरून आम्ही दोघी त्या टाकीवरून पाणी आणायचो. रोज. ताईनं माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"नाही साहेब. पाण्याला मी एकटीच जायचे."

मी माऊसवर हात ठेवून बसून राहिले.