मागची रांग

कुरुळी,
शनिवार, २४ मे २०२५

बाबा, जयभीम.

तुमची खुशाली दादाच्या धम्मपालकडून कळते. गुडघा दुखतोय तरी जिने चढता म्हणे, आणि दादा काही बोलायला लागला की कानातलं यंत्र काढून ठेवता. माझा फोन तर तुम्ही यंत्र लावलेलं असतानाही घेत नाही, म्हणून हे पत्र. मी बरी आहे. तुम्ही आणलेली खीर दोन दिवस पुरवून खाल्ली.

बुद्धपौर्णिमेला गुडघा घेऊन, दापोडीहून बस बदलत आलात. लेक नव्वद कामगारांचं हॉस्टेल कसं सांभाळते ते बघायचं होतं. मीही मिरवून घेतलं. पुढच्या रांगेत मराठवाड्याची पोरं, मधल्या रांगेत बिहारची, मागच्या रांगेत झारखंडची. ज्याचं त्याचं स्वयंपाकघर वेगळं, आठ महिन्यांत एक भांडण नाही. मी बोलत होते आणि तुम्ही दोरीवरचे कपडे कुठल्या बाजूला उडतात ते बघत होतात. मग विचारलंत, "संडास-गटार कुठल्या अंगाला हाय गं?" मी म्हटलं, मागे. "आन् हे कुणी ठरवलं?" मी म्हटलं, कंपनीनं. तुम्ही चपला घातल्यात आणि चहासुद्धा न घेता निघालात.

मला रागच आला होता. गणपतीत दोन पोरांची डोकी फुटली तेव्हा पोलीस चौकीत कोण जाऊन बसलं? मीच. मासळीच्या वासावरून, मोबाइलवरच्या गाण्यांवरून, अंघोळीच्या नंबरावरून रोजची कटकट होती. वेगळं केलं आणि सगळं थंड झालं. साहेब खूश आहेत. नव्या इमारतीतही असंच लावायचं म्हणतात. सोमवारी मीटिंग आहे, ती झाली की दोन्ही हॉस्टेलं माझ्याकडे. ही बातमी त्या दिवशी सांगायची होती, राहून गेली.

कंपनीनं काहीच ठरवलं नव्हतं, बाबा. तेव्हा तर इथे रांगा किती आहेत हेही कंपनीला ठाऊक नव्हतं. डोकी फुटली त्या दिवशी जागेचे मालक बबनराव आले होते. म्हणाले, "म्याडम, गावात कशी ज्याची त्याची आळी आसती, तशी लावून टाका. आमच्या वाडवडलांनी उगंच न्हाई केलं ते. कुनाचा कुनाला तरास न्हाई."

आणि मला ते पटलं. चिमाबाईच्या नातीला पटलं! आजी किती वेळा सांगायची, गावात वारा मावळतीकडून येतो म्हणून आपला महारवाडा उगवतीला, आपल्यावरून गेलेला वारा गावाला लागू नये म्हणून. मी कागदावर रांगा आखल्या तेव्हा मला ते आठवलंसुद्धा नाही. झारखंडची पोरं सगळ्यांत शेवटी आली होती, गरीब होती, तक्रार करणारी नव्हती. म्हणून त्यांना मागे टाकलं. एवढाच विचार केला मी.

तुम्ही गेल्यावर दोन दिवसांनी दुपारचं ताट घेऊन तिकडे जाऊन बसले. वारा सुटला की तिथे घास घशाखाली उतरत नाही. खोल्या बदलू या म्हटलं, तर पोरं म्हणाली, "नहीं दीदी, हम यहीं ठीक हैं." आजीही असंच म्हणायची, आपल्या माणसांत आपण बरे. तिला खरंच तसं वाटायचं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. तुम्ही विचारलं होतंत?

मिसळून ठेवलं तर पुन्हा भांडणं होणार, हे मला कळतं. सगळी मला निस्तरता येतील असंही नाही. तरी सोमवारी सांगणार आहे, की खोल्या चिठ्ठ्या टाकून द्या, दर चार महिन्यांनी बदला, आणि सगळ्यांत आधी त्या गटाराचं काम करा. साहेब म्हणतील, चांगलं चाललंय ते कशाला मोडता? बढती बहुतेक हातची जाईल. त्याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू.

पण त्याआधी उद्या मागच्या रांगेतल्या अठ्ठावीस जणांना समोर बसवून सांगायचंय, की तुम्हाला इथे कंपनीनं नाही, मी ठेवलं. साहेबांपेक्षा मला त्यांचीच भीती जास्त वाटते. तोंडातून शब्द फुटेल की नाही कळेना, म्हणून आधी तुम्हाला सांगून पाहिलं.

तुमचा राग बरोबर होता असं मानणारी,
तुमची लेक
आम्रपाली