परीक्षेत गप्प उभं राहण्याविषयी

ती. ताई,

साष्टांग नमस्कार मनातल्या मनात, कारण प्रत्यक्ष घालायला कंबर तयार नाही. तुझे गुडघे कसे आहेत? माझी मात्र झोप उडाली आहे.

निवृत्तीनंतर इतिहासाच्या एम.ए.ला नाव घातलं, तेव्हा वाटलं, निवांत वाचू, पेपर लिहू, मोकळं होऊ. पण विद्यापीठाने आता आंतरविद्याशाखीय गटप्रकल्प काढला आहे (हा शब्द उच्चारेपर्यंत तास संपतो). आमच्या गटात मी, तत्त्वज्ञानाची एक हडकुळी मुलगी आणि नाट्यशास्त्राचा एक जटाधारी. विषय 'रांग'. मी रांगांचा इतिहास इमानेइतबारे लिहून काढला, तर शिकवणाऱ्या बाई म्हणतात, परीक्षा प्रत्येकाने दुसऱ्याच्या विषयात द्यायची आणि गुण तिघांना सारखेच. म्हणजे एक बुडाला की तिघंही तळाला.

मुलीने माझा इतिहास चटकन पचवला. जटाधारी तत्त्वज्ञान बोलतो. ते त्याला कळत नाही, पण ऐकणाऱ्यालाही कळत नसल्याने निभावतं. माझ्या वाट्याला नाट्य, म्हणजे एक छोटा प्रवेश. दिवसभर रांगेत थांबलेल्या बाईच्या तोंडावर खिडकी बंद होते आणि ती नुसती बघत राहते. संवाद एकही नाही. मला वाटलं, चला, सुटले.

ताई, जमत नाही गं. उभा जन्म बँकेच्या खिडकीआड काढलेली मी! जटाधारी खिडकी आपटतो आणि मी विचारतेच, की पाटी न लावता बंद कशी केलीत, साहेब कुठे आहेत. काल तर त्याचं ओळखपत्र मागितलं. (कॉन्व्हेंटात सिस्टर ओठांवर बोट ठेवून उभं करायच्या, तेव्हाही मी बोटाच्या कडेने बोलायचे.) तो हसतो. मुलगी हसत नाही. तिची शिष्यवृत्ती या गुणांवर टिकून आहे. ती गेली की शिक्षण बंद. काल जिन्यात तिने माझा हात धरला.

"मावशी, तेवढ्या वेळात काही बोलू नका ना. माझ्यासाठी."

मी शब्द दिला, आणि तो देण्यातच अर्धा तास बोलले. परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे.

बाकी ठीक. घरच्यांना यथायोग्य.

तुझी धाकटी

ता.क. भावोजी चारचौघांत 'हिला काय कळतंय' म्हणतात, तेव्हा तू नुसती त्यांच्याकडे बघतेस आणि थोड्या वेळाने तेच चुळबुळायला लागतात. त्या वेळी तू जिभेचं नेमकं काय करतेस, ते उलट टपाली कळव.

पुन्हा ता.क. फोन करू नकोस. मी तुला बोलू देणार नाही.