शून्य गुणांची टाळी

अण्णा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी आज तुम्हाला पहिलं धड पत्र लिहिते आहे. हॉस्टेलवर होते तेव्हा तुमचं आंतरदेशीय पत्र दर आठवड्याला यायचं, तिन्ही घड्या भरलेल्या, कडेच्या चिंचोळ्या पट्टीवरही दोन ओळी कोंबलेल्या. आणि मी उत्तरादाखल ‘पत्र मिळालं, अभ्यास चालू आहे’ एवढंच खरडून पाठवायची. आज मात्र सविस्तर लिहायचं आहे, आणि तेही गाण्यांच्या एका स्पर्धेबद्दल. ‘माझ्याशी गाण्याबद्दल बोलायचं नाही’ असं तुम्हाला बजावणाऱ्या मुलीनं आपण होऊन हा विषय काढावा, याचं तुम्हाला हसू येईल. येऊ दे. माझ्या हट्टाला हसायचा तुम्हाला हक्क होता आणि तुम्ही तो कधी वापरला नाहीत.

मी सिंगापूरला असते, हे तुम्हाला माहीत नाही. बुकित बातोकला, बाराव्या मजल्यावर, नवरा आणि तेरा वर्षांची मुलगी, म्हणजे तुम्ही न पाहिलेली तुमची नात. दर वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आमच्या घरात युरोप भरतो. तिकडे युरोपातल्या देशांची ही गाण्यांची स्पर्धा शनिवारी रात्री होते, तेव्हा आमच्याकडे पहाटेचे तीन वाजलेले असतात. म्हणून आम्ही झोपून घेतो आणि नऊ वाजता पोह्यांच्या बशा मांडीवर घेऊन, इंटरनेटवर चढवलेला सगळा कार्यक्रम पहिल्यापासून बघतो. निकाल आधी कळू नये म्हणून घरातले सगळे फोन तांदळाच्या डब्यात. शेजारच्या चिनी आंटी येतात, त्यांचाही फोन डब्यात. पहिल्या वर्षी नवऱ्यानं ‘ऑफिसचा महत्त्वाचा फोन येईल’ असं सांगून आपला फोन खिशात ठेवला आणि तिसऱ्या गाण्याला ‘अरे वा, हे जिंकले वाटतं’ म्हणून मोकळा झाला. तेव्हापासून त्याचा फोन डब्यात सगळ्यात खाली असतो.

हे खूळ माझ्या ऑफिसातल्या एका स्वीडिश सहकाऱ्यानं लावलं. तो भुर्रकन आपल्या देशी निघून गेला, खूळ आमच्याकडे राहिलं. पण अण्णा, काय खूळ आहे! चाळीसेक देश, त्यातले पंचवीसेक शेवटच्या फेरीत. प्रत्येकाचं एक गाणं, तीन मिनिटांचं, त्याहून एक क्षण जास्त नाही. आधी झेंडे घेऊन एकेक जण असा येतो, जणू त्याच्या देशातले सगळे लोक त्याच्या पाठीमागून चालत येताहेत. मग कुणी आगीच्या मधोमध उभं राहून बासरी वाजवतं, कुणाच्या झग्यावर आख्खं आभाळ उमटतं, कुणी बाई वाऱ्याच्या पंख्यासमोर केस उडवत अशा वरच्या सुरात जाते की आंटी हातातली बशी खाली ठेवतात. अर्ध्या गाण्यांची भाषा आम्हा कुणाला कळत नाही. काही गाणी इतकी भयंकर असतात की हसून हसून पोटात दुखतं. आणि मग मध्येच एखादा मुलगा येतो, साध्या कपड्यात, हात लोंबते सोडून, आपल्या आईच्या भाषेत गातो, आणि एवढं मोठं प्रेक्षागृह गप्प होतं. मी दर वर्षी ठरवते की यंदा रडायचं नाही.

आणि खरी मजा गाणी संपल्यावर. एकेका देशाच्या राजधानीतून एकेक माणूस पडद्यावर येतो, यजमानांना ‘किती सुंदर कार्यक्रम!’ म्हणतो आणि आपल्या देशाच्या परीक्षकांनी दिलेले गुण सांगतो. सगळ्यात वरचे गुण बारा. त्या बारांसाठी माणसं श्वास धरून बसतात. नियम एकच आणि तो फार सुंदर आहे: स्वतःच्या देशाला गुण द्यायचे नाहीत. कितीही आवडू दे, द्यायचे दुसऱ्याला. काही काळापूर्वी एकमेकांवर तोफा डागणारे देश त्या रात्री एकमेकांना बारा गुण देतात, आणि दोन्हीकडची माणसं उड्या मारतात. शेजारी शेजाऱ्यांना गुण वाटतात म्हणून लोक कुरकुरतात खरे. मला तर तेच आवडतं. शेवटी घरबसल्या मतं देणाऱ्या जनतेचे गुण येतात, तेही सगळ्यात खालच्या नंबरापासून वर. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी जागची उठलेच. नवरा म्हणाला, ‘काय झालं?’ मी म्हटलं, ‘काही नाही, आमचे अण्णा असाच निकाल वाचायचे.’ एवढं बोलून मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच नळ सोडून उभी राहिले.

तुमचं वाचनालय, मागचं ते पत्र्याचं सभागृह, आणि दर डिसेंबरची तालुक्याची गायन स्पर्धा. तुम्ही ग्रंथपाल. पण त्या दिवशी सतरंज्या घालण्यापासून पेटीवाल्याला चहा देण्यापर्यंत सगळं तुमच्याकडे. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि दोऱ्यानं बांधलेला चष्मा. स्पर्धा चालू असताना तुम्ही पडद्याच्या कडेला उभे राहून प्रत्येक मुलाबरोबर ओठ हलवायचात. आवाज नाही, नुसते शब्द. तुम्हाला सगळ्यांची गाणी पाठ असायची. अडलेल्या मुलानं तुमच्याकडे बघायचं आणि पुढची ओळ उचलायची, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मग परीक्षकांचे कागद हातात आले की तुम्ही माइकपुढे उभे राहायचात आणि खालून वर वाचत जायचात. पहिल्या तिघांचीच नावं घ्या, बाकीच्यांना कशाला लाजवता, असं कार्यवाह दर वर्षी सांगायचे. तुम्ही दर वर्षी मान डोलवायचात आणि शेवटच्या नंबरापासूनच सुरू करायचात. नाव, गुण, आणि लगेच तुम्ही स्वतः टाळी वाजवायचात, माइकच्या तोंडाशी, त्यामुळे बाहेरच्या कर्ण्यातून ती फाडफाड अशी रस्त्यापर्यंत ऐकू जायची. लोकांना मग वाजवावीच लागे.

मी तेरा वर्षांची असताना उभी राहिले. सहा महिने तयारी केली होती. तुम्ही सकाळी दाढी करता करता माझा अंतरा गुणगुणायचात आणि आई म्हणायची, ‘गाल कापेल, आधी ते पुरं करा.’ त्या दिवशी पहिलं कडवं चांगलं झालं, आणि अंतऱ्यात मी थांबले. पेटीवाल्यानं दोनदा सूर दिला. मी पुतळ्यासारखी उभी, आणि मग मागच्या मागे पळाले. शब्द विसरले, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. गाणं अर्ध्यावर सोडलं तर शून्य, हा नियम फळ्यावर तुमच्याच अक्षरात होता. संध्याकाळी निकालाच्या वेळी मी रंगमंचामागे, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाशी उभी होते. मला खात्री होती की आज तुम्ही कार्यवाहांचं ऐकाल. पहिली तीन नावं घ्याल आणि मला वाचवाल. तुम्ही माझं आख्खं नाव घेतलंत, तुमच्या नावासकट, आणि म्हणालात, ‘शून्य गुण.’ आणि पुढे टाळी आली नाही. ‘धप्प’ असा आवाज आला कर्ण्यातून, काहीतरी आपटल्यासारखा. तुम्ही माइक टाकून दिलात. मुलीच्या लाजेनं टाकून दिलात. मी मागच्या दारानं जी धूम ठोकली ती थेट घरी.

रात्री जेवताना तुम्ही ताटावरून मान वर न करता एवढंच म्हणालात, ‘निकाल पुरा होईपर्यंत जागा सोडायची नसते.’ तुम्ही आयुष्यात मला केलेली ती एकच कानउघाडणी असेल. मी ताट सरकवलं आणि ते वाक्य बोलले, माझ्याशी गाण्याबद्दल बोलायचं नाही. तुम्ही माझा शब्द इतका पाळलात की मला त्याचाही राग यायचा. त्यानंतर अकरा वर्षं तुम्ही होतात. मी आल्याची चाहूल लागली की रेडिओ बंद व्हायचा. दाढी तुम्ही मुकाट्यानं करायला लागलात. आणि माझ्या मनात एकच घर करून बसलेलं: माझ्या बापाला माझी लाज वाटली, चारचौघांत.

आता मागच्या रविवारचं सांगते. आमच्या घरी आमची वेगळी स्पर्धाही चालते. चिठ्ठ्या टाकतो, प्रत्येकाला सहा-सात देश येतात, ते त्याचे. गाणी संपली की प्रत्येकानं गुण द्यायचे, आपल्या देशांना सोडून. आंटींना कराओकेचा नाद आहे, त्या आपला स्पीकर आणि माइक घेऊन येतात, आणि निकाल तुमची नात वाचते, अगदी तिकडच्यासारखा थाट करून. दुपारी साडेबारा वाजता ती सोफ्यावर उभी राहून म्हणते, ‘गुड इव्हनिंग युरोप, धिस इज बुकित बातोक कॉलिंग!’ यंदा मी जरा लबाडी करायला गेले. माझ्या चिठ्ठीत एक एवढासा देश आला होता, नकाशावर बोट ठेवलं तर झाकून जाईल असा. त्यांची मुलगी जीव तोडून गायली, पण सूर जागेवर नव्हता. मला तिची दया आली आणि मी कागदावर तिला गुपचूप दोन गुण लिहिले. तुमच्या नातीनं कागद बघितला आणि आपल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, ‘आई! ओन कंट्री कॅनॉट, लाह! रूल इज रूल.’ आणि खोडून टाकले. मग माइक उचलला आणि खालून सुरुवात केली. पहिलं नाव माझं आणि माझ्या त्या एवढ्याशा देशाचं. ‘झीरो पॉइंट्स.’

आणि अण्णा, स्पीकरमधून आवाज आला, धप्प.

मी गर्रकन वळले. बघते तर तिनं माइक टेबलावर ठेवला होता आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती. नुसत्या वाजवत नव्हती, डोक्यावर हात नेऊन वाजवत होती. आंटी ‘आय्या, सो पुअर थिंग!’ म्हणत उठून उभ्या राहिल्या आणि त्याही वाजवायला लागल्या. स्पीकरमधून काहीच ऐकू येत नव्हतं, माइक आडवा पडलेला. मी विचारलं, ‘माइक का टाकलास?’ माझा आवाज चिरकला असणार, कारण ती घाबरली. म्हणाली, ‘टाकला नाही आई, ठेवला. होल्डिंग माइक, हाऊ टु क्लॅप?’

त्या वर्षी माइकचा स्टँड मोडला होता, अण्णा. मला आत्ता आठवतंय. सकाळी तुम्ही त्याला सुतळी बांधत होतात, ती टिकली नाही, आणि दिवसभर माइक हातातच धरावा लागला. मी ते पाहिलं होतं. तीस वर्षांत एकदाही ते दोन तुकडे मी जोडून बघितले नाहीत. तुम्ही नाव वाचलंत, गुण वाचलेत, माइक ठेवलात आणि टाळी वाजवलीत, आणि ती माइकपासून लांब होती म्हणून कर्ण्यातून आली नाही. सभागृहातही वाजली असेल. मी तोवर मागच्या दारातून बाहेर पडले होते. निकाल पुरा होईपर्यंत जागा सोडायची नसते. तुम्ही मला रागावत नव्हतात. माझ्यासाठी वाजलेली टाळी मी न ऐकताच गेले, याचं तुम्हाला वाईट वाटलं होतं.

चाळीस देशांची ती स्पर्धा बघताना मला इतकं भारावल्यासारखं का होतं, हे मला आता कळतं. दिव्यांच्या झगमगाटानं माझे डोळे दिपतात हे आहेच. पण इतक्या लोकांसमोर एखाद्याचं शून्य वाचलं जातं आणि तो माणूस तिथेच बसून राहतो, कॅमेऱ्याकडे बघून आपला छोटासा झेंडा हलवतो, आणि सगळं सभागृह त्याच्यासाठी उठतं, ते बघून मला दर वेळी हात जोडावेसे वाटतात. तुम्ही ते पत्र्याच्या शेडमध्ये, एका माइकवर, दर डिसेंबरला करत होतात. आणि तुमच्या नातीच्या हाताला ते शिकवल्याशिवाय आलं. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘ग्रँडपा सो कूल, लाह,’ आणि मग तुमचा आवाज कसा होता ते विचारत बसली. मी तुमच्या निकाल वाचायच्या ठेक्यात आमच्या सगळ्यांची नावं वाचून दाखवली. बरी वाचली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तांदळाच्या डब्यात तळाशी राहील. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, जी आईलाही सांगितली नाही. त्या दिवशी मी शब्द विसरले नव्हते. अंतरा सुरू झाला तेव्हा तुम्ही पडद्याच्या कडेला माझ्याबरोबर ओठ हलवत होतात, इतरांच्या वेळेपेक्षा जास्त, डोळे मिटून, चष्मा घसरलेला, आणि पहिल्या रांगेतल्या माझ्या मैत्रिणी तुमच्याकडे बोट दाखवून हसत होत्या. शब्द सगळे येत होते. लाज मला वाटली होती, अण्णा, तुमची.