तिसऱ्या रविवारची घोषणा

पप्पा,

तुम्हाला लिहायचं म्हटलं की नावापुढे काय लावायचं, तिथूनच घोळ सुरू होतो. चर्चमध्ये तुम्ही पाळकसाहेब, शाळेत मॅनेजरसाहेब, कबरस्तानाच्या कमिटीत चेअरमन, बिशपसाहेबांच्या वतीने या भागात सह्या करणारेही तुम्हीच, आणि काकांच्या तोंडी शेवटपर्यंत 'धाकटे सरकार'. शाळेच्या आवारात मीसुद्धा तुम्हाला सर म्हणायची. तिसरीत असताना एकदा चुकून पप्पा म्हणाले, तर तुम्ही चष्म्यावरून असं पाहिलंत की मी शेजारच्या मुलीमागे लपले. घरी येऊन तुम्ही त्यावर खूप हसलात म्हणे. मी काही पाहिलं नाही, आईने सांगितलं. तुमचं हसणं मला बहुतेक वेळा आईकडूनच कळायचं.

इनामदारांच्या घरातले तुम्ही. पणजोबा ख्रिस्ती झाले तरी इनाम सुटलं नाही आणि ताठाही सुटला नाही, असं आई म्हणायची. खानदेशातल्या घरी लहानपणी तुमच्यासाठी घोडा होता, आणि सुरतेत मी तुम्हाला पाहते ती स्कूटरवर, डिकीत पांढरा झगा घडी करून ठेवताना. रविवारी सकाळी सातला शहरातलं चर्च. तिथून हायवेने पलसाण्याला, डाईंग मिलच्या कामगारांची उपासना. निळे-तांबडे झालेले तळवे पुढे करून ती माणसं प्रभुभोजन घ्यायची. दुपारी इच्छापोरला, हजीऱ्याच्या कंपन्यांत कंत्राटावर लागलेली मराठवाड्याकडची मंडळी एका शेडमध्ये जमायची. दुसरा पाळक मिळेना म्हणून एकेक जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली, असं लोक म्हणायचे. आई म्हणायची, "पडली कसली! यांनीच मान पुढे केली." आणि तरी रविवारी तुम्ही परत येईपर्यंत ती जेवायची नाही.

त्याच शेडमध्ये मला माझा नवरा भेटला. वेल्डर. बाप जालन्याकडून आलेला वॉचमन. काकांनी गावाहून येऊन घर डोक्यावर घेतलं, "सरकारांची मुलगी वॉचमनच्या घरात?" तुम्ही हो म्हणाला नाहीत आणि नाहीही म्हणाला नाहीत, पेपर वाचत बसलात. आईनेच लग्न ठरवलं, कारण तिला घाई होती. तिच्या हृदयाचं दुखणं वाढलं होतं, चार पावलं चालली तरी धाप लागायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, जे करायचं ते लवकर करा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, उपवासकाळात, आपल्याकडे लग्न लागत नाही, म्हणून आदल्या दिवशीचा मंगळवार धरला. त्याआधी तीन रविवार, दोघांच्या चर्चमध्ये, लग्नाची घोषणा व्हायला हवी. दोन्ही चर्च तुमचीच, घोषणा करणारे तुम्हीच. यात चुकण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं होतं.

पहिले दोन रविवार व्यवस्थित झाले. तिसऱ्या रविवारी मी शहरातल्या चर्चमध्ये नेहमीच्या बाकावर बसले आहे, आई घरी अंथरुणात. प्रत्येक चर्चच्या घोषणांची वही वेगळी असायची. तुम्ही वही उघडता आणि वाचता, आणि ती पलसाण्याची वही असते. कुठल्या कोण अनोळखी मुलामुलींची नावं! लोक एकमेकांकडे बघतात. मी वाट बघते की आता लक्षात येईल, आता येईल. तुम्ही शेवटी विचारता, कोणाची काही हरकत असेल तर आताच सांगावं. त्या क्षणी चर्चमध्ये जो उभा राहतो तो लग्न मोडायलाच उभा राहतो, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. मी उभी राहिले असते तर सगळे काय समजले असते? मी खाली मान घालून बसले. उपासना संपवून तुम्ही तडक स्कूटरला किक मारलीत, आणि मी दारातल्या गर्दीतून बाहेर येईपर्यंत वळणावरून दिसेनासे झालात.

संध्याकाळी परत येऊन तुम्ही वह्या काढल्यात आणि तुमचा चेहरा उतरला. सकाळी काय झालं ते मी आईला सांगून बसले होते. आई उशीला टेकून म्हणाली, "अहो, त्यात काय एवढं? घोषणेची सूट द्यायचा कागद असतो ना? सही तुमचीच लागते."

"म्हणूनच नाही होणार," तुम्ही म्हणालात. "अर्ज करणारा मी, मंजूर करणारा मी, आणि मुलगीही माझीच. उद्या कुठल्या तोंडाने दुसऱ्याला नाही म्हणू?"

"मग बिशपसाहेबांना विचारा."

"ते परदेशात आहेत. ईस्टरनंतर येतील."

मी म्हणाले, "पाच ठिकाणी साहेब आहात तुम्ही, पण या घरात आम्हाला बाप नाही. तुमच्या मनातच नव्हतं हे लग्न, वही बरी सापडली!" तुम्ही टेबलावरच्या वह्या एकावर एक ठेवत राहिलात. मला वाटलं होतं, निदान माझ्यावर ओरडाल तरी.

उपवासकाळाच्या चौथ्या आठवड्यात आई गेली. दफनविधी तुम्हीच केलात, दुसरं कोण होतं करायला? तुमचा आवाज एकदाही हलला नाही आणि त्या न हलणाऱ्या आवाजाचा मला इतका राग आला की परतताना मी शेजारणीच्या रिक्षात बसले. नंतरचे आठवडे घरात आपण दोघंच होतो. मी ताट वाढायची आणि आत निघून जायची. एकदा तुम्ही "आज खिचडी छान झालीय" म्हणालात. मी पातेलं उचलून आत नेलं.

आता मला कळतं, पप्पा, त्या एका वाक्यासाठी तुम्ही किती वेळ जुळवाजुळव केली असेल. गेल्या वर्षी हे गेले. मुलगा बडोद्याला असतो, फोनवर 'केम छो मम्मी' म्हणतो, पाच मिनिटांत त्याला काम निघतं. मी एकटीच खिचडी करते आणि कशी झालीय ते कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र. पाठवायचं कुठेच नाही.

ईस्टरनंतर लग्न लागलं. काका आलेच नाहीत. सासूबाई पहिल्याच बाकावरून मोठ्यांदा म्हणाल्या, "अगं माय, पाळकबी हेच अन् बापबी हेच, मग पोरगी देणार कोण?" लोक हसले. तुम्ही पुस्तकातून वाचून विचारलंत, "ही वधू कोण देत आहे?" मग पुस्तक वेदीवर ठेवून तुम्ही तीन पायऱ्या उतरलात, माझ्या शेजारी उभे राहिलात, आणि रिकाम्या वेदीकडे बघत म्हणालात, "मी देतो. हिचा बाप." माझा हात धरलात. आता हात नवऱ्याच्या हातात द्यायचा आणि वर जायचं. तुम्ही गेला नाहीत, कितीतरी वेळ तसेच उभे. लोकांना वाटलं, साहेब पुढचं विसरले. तुम्ही काही विसरला नव्हतात. मी एकदा बोटं आवळावीत, एवढीच वाट बघत होतात, ते मला तेव्हाच कळलं होतं. घामाने हात निसटला, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. निसटला नव्हता, पप्पा. मी ओढून घेतला.